आचवायचं पाणी

दगडाबाईच्या आधी तिच्या आईची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथी तरी यमाच्या नजरेत भरू नये म्हणून तिला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि नाव ठेवलं दगडाबाई. दगड कोण कशाला नेईल? ती जगली. बाराव्या वर्षी लग्न होऊन सांगोल्याकडच्या माळावरून ती सीनाकाठच्या वाळुंज्याला आली, तेव्हा एका जागी एवढं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. माहेरी पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चकाकणारा आरशाचा तुकडा. इथं ते उघड्यावर आडवं पसरलं होतं आणि त्याला कुणी झाकून ठेवलेलं नव्हतं. याचीच तिला पहिल्यांदा भीती वाटली.

सीना तशी आळशी नदी. पावसाळ्याचे दोन महिने अंगात आल्यासारखी धावते, बाकीचं वर्ष वाळूतून वाट शोधत बसते. वाळुंज्याच्या खालच्या अंगाला ती एका काळ्या खडकाला अडते, वळते आणि वळताना चांगली चार-पाच शेतं रुंद होते. तिथं पाणी वाहतं आहे हे डोळ्याला दिसत नाही. काठावरच्या वाळुंजाच्या झाडाचं पान वरच्या टोकाला पाण्यात पडलं, तर खालच्या उताराला पोचेपर्यंत सकाळची दुपार होते. हा आसरांचा डोह. करंजाखाली शेंदरानं माखलेले सात दगड, म्हणजे सात आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. त्यांच्या डोहात जाळं पडत नसे, गळ पडत नसे. काठचं लव्हाळं कुणी कापत नसे. धुणं वरच्या धोंडीवर आणि गुरं खालच्या उताराला. पाण्यात पाऊल घालायची तर कुणाची छातीच नव्हती. सरकारच्या कुठल्या दप्तरात हे लिहिलेलं नव्हतं, पण फौजदाराला जे जमलं नसतं ते त्या सात दगडांनी किती पिढ्या निभावलं होतं.

दगड धुवायचा मान दगडाबाईच्या सासरच्या घराकडे होता. सासू सोजरबाई रोज पहाटे डोहावर जाई, सात दगड धुई, हळदकुंकू वाही आणि मग नुसती पाण्याकडे बघत बसे. परतताना मारुतीच्या पारावर जो कुणी भेटेल त्याला सांगे, “डोह बरा हाय.” तो माणूस मान हलवी आणि कामाला लागे. एवढी बातमी ऐकली की गावाचा दिवस सुरू होई.

सुनेला तिनं दुसऱ्याच दिवशी बरोबर नेलं. पोर करंजाच्या बुंध्याला चिकटून उभी राहिली.  महिनाभर सोजरबाईनं तिला तसंच उभं राहू दिलं. मग हळूहळू पोरीला दिसायला लागलं. आधी खंड्या दिसला, कारण तो निळा होता. मग लव्हाळ्यातून मान खाली-वर करत जाणारी पाणकोंबडी आणि खडकावर पंख वाळत घालून बसलेले पाणकावळे. पुढं पाण्याखालचंही दिसू लागलं. शेवाळाच्या कडेनं काठीसारखी निश्चल पडलेली मरळ, चिखलातून फक्त नाकाचं टोक बाहेर काढणारी वाम, उथळ पाण्यात एकदम वळून रुपेरी होणारा बारीक आंबळी माशांचा थवा. थंडीत चकवा-चकवी येत, विटकरी रंगाची बदकं, आणि दिवसभर नवरा-बायकोसारखी एकमेकांवर ओरडत. वाळूच्या जिभेवर कासवं अंडी घालून जात, आणि तिथून जाताना सासू लुगडं सावरून लांबून वळसा घेई.

पाणमांजरांचं एक कुटुंब खडकाच्या कपारीत राहत होतं. एकदा त्यातल्या एकानं भली मोठी मासळी धरून सगळ्यांसमोर कराकरा खाल्ली. दगडाबाईनं विचारलं, आसरांचा मासा याला कसा चालतो? सासू म्हणाली, “त्येचं पोट हितं हाय. आपलं पोट शेतात हाय.” एवढं बोलून ती कुंकवाची वाटी पुसू लागली. दगडाबाईला ते उत्तर जन्मभर पुरलं. भीती त्यानंतर कधी गेली ते तिला कळलंही नाही.

अठरा सालच्या मानमोडीत सोजरबाई तीन दिवसांत गेली. त्या तापानं वाळुंज्यातली एकोणीस माणसं नेली. सुतक फिटल्यावर दगडाबाई एकटी डोहावर गेली, दगड धुतले आणि पारावर येऊन म्हणाली, डोह बरा हाय. पारावरच्यांनी तिच्याकडे पाहिलं. आवाज कोवळा होता. त्यांना म्हातारीच्या आवाजाची सवय होती.

दोन वर्षं गेली. वीस सालचा पावसाळा नुसते ढग दाखवून निघून गेला. दिवाळीतच विहिरींचे तळ दिसू लागले. दगडाबाईचा दीर गिरणीत काम बघायला सोलापूरला गेला, अर्धं गाव खडी फोडायला सडकेवर गेलं. माघात सीनेची धार तुटली. वाळूत खड्डे खणायचे, त्यांना झिरे म्हणतात. बाया झिऱ्यात उतरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. एका घागरीला अर्धी सकाळ जायची. तरी डोहाचं पाणी प्यायला घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. डोह मात्र रोज आकसत होता. सात दगडांपासून पाणी पन्नास पावलं लांब गेलं. पाणमांजरं एक दिवस दिसेनाशी झाली. चैत्र सरता सरता डोह दोन खळ्यांएवढा उरला आणि नदीचं जे जे जिवंत होतं ते सगळं त्या दोन खळ्यांत येऊन दाटलं.

वैशाखातल्या एका पहाटे दगडाबाईनं पाहिलं की सगळ्या पाण्यावर तोंडंच तोंडं आहेत. बारीक, गोल, उघडमिट करणारी. शेकडो मासे नाकाडं वर काढून उभे होते आणि त्यांचा एक ओला, बारीक, पचपच आवाज डोहभर चालू होता.  गेले चार महिने तिनं अशी तोंडं घराघरांत पाहिली होती. तिनं कमरेची भाकरीची चवड सोडली, सकाळची न्याहारी होती ती, कुस्करून पाण्यात टाकली. पारावर येऊन ती म्हणाली, आसरांची लेकरं भुकेली आहेत. तोंडं वासून उभी आहेत.

माणसं बघायला गेली. ज्यानं त्यानं ती तोंडं पाहिली, आणि भूक ओळखायला त्या वर्षी कुणाला शिकवावं लागत नव्हतं. हिंदुराव पाटील मनाचा वाईट नव्हता; त्यानं संध्याकाळी चावडीसमोर पाळी लावून दिली. रोज पाच घरांनी आसरांना नैवेद्य आणायचा. ज्याच्या घरी जे असेल ते. आसरा तृप्त झाल्या तर नदी वाहील. आणि गावानं दिलं. जोंधळ्याच्या कण्या दिल्या, आंबील दिली, कुणी कुठून तरी वाटीभर दही आणून दहीभात दिला, नारळ फोडून टाकले, हळदकुंकवाच्या मुठी उधळल्या. स्वतःच्या ताटातलं अर्धं करून दिलं. दगडाबाई प्रत्येकीच्या हातचं घेऊन पाण्यात सोडत होती. त्या दिवसांत ती गावातून चालली की बाया पदर सावरून बाजूला होत. आवाज कोवळा आहे असं आता कुणाला वाटत नव्हतं.

दहा दिवस झाले. तोंडं कमी झाली नाहीत. वाढली. अकराव्या पहाटे कडेला चार मासे पांढरं पोट वर करून पडले होते. पाटलानं पाच घरांची आठ घरं केली.

त्याच दिवशी मायाप्पा धनगर साठेक मेंढरं घेऊन खालच्या उताराला थांबला. तो भीमेकडे निघाला होता. आठ बायांची रांग, तांबे, वाट्या, फुलं बघून त्यानं दगडाबाईला विचारलं, काय चाललंय? तिनं सांगितलं.  मायाप्पानं काठीवर हनुवटी टेकली, पाण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग म्हणाला, “भूक न्हाय ती.”

“मग काय हाय?”

“मेंढरं वाड्यात दाटीनं कोंडली, वरनं ऊन आलं, की तीबी अशीच नरडी वर काढत्यात. तवा चारा टाकला तर खात न्हाईत. तुडवत्यात, त्यातच मुतत्यात, आन मरत्यात. आमी मग कूड काढतो. वारं आत जाऊ देतो.”

“मासा पान्यातला. त्येला वारं कशाला लागतंय?”

“मला काय ठावं, बाई. मी मेंढक्या मानूस.” त्यानं तंबाखूची गोळी गालात सरकवली. “तुमची देवी, तुमचा मासा. माझं मेंढरू असतं तर मी त्येच्या फुडचं काढून घेतलं असतं, इतकंच.”

तिला त्याचा राग आला. एक धनगर, वाटेनं जाणारा, आसरांच्या डोहावर मेंढरांची गोष्ट सांगतो. ती घरी आली, चूल पेटवली, आणि चूल पेटवताना तिला आठवलं की तिनं टाकलेल्या त्या पहिल्या भाकरीचा एकही तुकडा कुठल्या माशानं उचललेला तिनं पाहिला नव्हता. तिनं पाहिलंच नव्हतं. टाकून ती पारावर निघून आली होती. पाण्याकडे बघत बसायचं सासूचं काम ती त्या दिवशी विसरली होती.

दुसऱ्या पहाटे ती पाळीच्या बायांच्या आधी गेली. दगड धुतले आणि बसली. कण्यांची एक चिमूट तोंडांच्या मधोमध टाकली. तोंडं तशीच उघडमिट करत राहिली आणि कण्या त्यांच्या शेजारून खाली गेल्या. मग तिला दिसलं की सगळे मासे सगळीकडे सारखे नाहीत. काळ्या खडकाच्या एका भेगेतून अजून करंगळीएवढी धार पाझरत होती आणि हातभर उंचीवरून पाण्यात टपटपत होती. त्या टपटपीखाली मासे असे दाटले होते की पाणी काळं दिसत होतं. नैवेद्य पडायचा त्या अंगाला मात्र एक मासा नव्हता. वाम आणि मरळ तेवढी चिखलात तग धरून होती. बाकी पाणी रिकामं, वर पातळ साय आलेलं.

ती उठली आणि त्या बाजूला गेली. घोट्यापर्यंत पाण्यात उतरली, जन्मात पहिल्यांदाच. तळाला हात घातला तेव्हा हाताला जे लागलं ते माती नव्हतं. आंबलेल्या कण्यांचा लगदा होता, पांढऱ्या लवेनं वेढलेला. चार दिवस उघडा राहिलेल्या रांजणातल्या शिळ्या आंबिलीचा वास आला. तिनं हात वर काढून बराच वेळ धरून ठेवला. गावानं स्वतःच्या तोंडातून काढलेलं अन्न तिच्या बोटांवरून ओघळत होतं. त्याच्यानं डोह मरत होता, आणि ते पहिल्यांदा तिनं टाकलं होतं.

पारावर येऊन ती म्हणाली, “डोह बरा न्हाय.” हे वाक्य त्या पारानं कधी ऐकलं नव्हतं. ऐकणारा म्हातारा उठून उभाच राहिला.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. कोंडीबा कमी बोलणारा, बैलासारखा शांत माणूस. त्यानं ऐकून घेतलं.

“गाव उपाशी ऱ्हाऊन चारतंय,” तो म्हणाला. “कुणाच्या शब्दावर? तुज्या. आता तूच म्हननार चुकलं?”

“म्हनते की.”

“दगडं मारतील.”

“दगडाला दगड मारून काय हुतंय?”

कोंडीबा हसला नाही. पण संध्याकाळी त्यानं दोन जुन्या पाट्या काथ्यानं घट्ट बांधून दाराशी ठेवल्या.

पहाटे दगडाबाईनं सात दगडांपुढं डोकं टेकलं, पदर खोचला आणि कमरेइतक्या पाण्यात शिरली. तळाचा लगदा पाटीत भरायचा, काठाला आणून ओतायचा, परत आत जायचं. हे ती करत होती. करताना तिला वाटत होतं की आता पायाला कुणीतरी धरेल. कुणी धरलं नाही. चार-पाच पाट्या झाल्या असतील तेव्हा पाळीच्या आठ बाया तांबे घेऊन आल्या आणि काठावर थिजून उभ्या राहिल्या. देवीच्या पाण्यात बाई शिरली आहे आणि देवीच्या ताटातलं बाहेर काढते आहे. एकीनं तांब्या तिथंच ठेवून गावाकडे धूम ठोकली. उन्हं वर यायच्या आत उरलं-सुरलं सगळं गाव डोहावर होतं.

पाटलानं तिला वर यायला सांगितलं. ती पाटी घेऊन तशीच उभी राहिली. लोक बरंच काही बोलले. कुणी म्हणालं, सोजरबाईच्या मागं मान चुकीच्या हातात गेला. कुणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलं, उन्हाळाच तसा आहे. कोंडीबालाही लोकांनी दोन शब्द सुनावले. त्यानं ते काठावर बसून, खाली मान घालून घेतले. मग मायाक्का पुढं आली. म्हातारी, विधवा, घरात एक नात आणि ती. तिच्या हातात पितळेचा तांब्या होता.

“माझ्या नातीच्या ताटातलं हाय ह्यात,” ती म्हणाली. “मागल्या पाळीला बी दिलं. त्येच्या आधी बी दिलं. पोरगी रडत झोपली. आन तू ते उकिरड्यावर टाकतीस व्हय गं?”

   दगडाबाई थोडी काठाकडे आली.

“चूक माझी हाय,” ती म्हणाली. “मी म्हनलं लेकरं भुकेली हायत. मी नीट बघितलं न्हाय. ती भुकेली न्हाईत, मायाक्का. त्येंचा जीव घुसमटतोय. आन आपन वरनं वाढतोय, वरनं वाढतोय.”

कुणी तरी मागून म्हणालं, देवीला दिलेलं माघारी घेतात का कुठं?

दगडाबाईनं पाटी खाली ठेवली. ती पुढं जे बोलली ते तिनं ठरवलेलं नव्हतं. ते तिला चुलीपाशी, आयुष्यभर उष्टी काढताना, आधीच माहीत होतं.

“घरी पाव्हनं आलं,” ती म्हणाली, “पोटभर जेवलं. मग आपन काय करतो? उष्टं काढतो. खरकटं तसंच ठिवून त्यावर दुसरं ताट वाढत न्हाई कुनी. जेवलेल्या मानसाला खरकट्यात बसवून ठिवत न्हाई. आसरा जेवल्यात. बारा दिस जेवल्यात, तृप्त झाल्यात. त्येंचं उष्टं काढायचं कुनी? ज्या घराला मान हाय त्या घरानं. ते मी काढतीय. आन जेवल्यावर आपन आचवायला पानी देतो का न्हाई? का खरकट्या हातानं बसवतो पाव्हन्याला?”

 बायांच्या रांगेत काहीतरी हललं. त्यांच्यातल्या प्रत्येकीनं त्या दिवशीही घरून निघताना खरकटं काढलेलं होतं.

“कुटलं पानी?” मायाक्कानं विचारलं.

“झिऱ्याचं. घरटी एक तांब्या.”

पाटील कडवट हसला. माणसाला प्यायला नाही आणि पाण्यात पाणी ओतायचं, असं काहीसं तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. पण मायाक्का त्याच्याकडे बघतच नव्हती. ती हातातल्या तांब्याकडे बघत होती.

“मग ही आंबील?”

“घरी ने. नातीला पाज.”

“देवीची?”

“देवी जेवली, मायाक्का.”

म्हातारी वळली आणि चालू लागली. ती रागानं गेली की काय ते कुणाला कळलं नाही. गाव उभं होतं. दगडाबाई परत आत शिरली, पाटी भरली, काठाला आणून ओतली. कोंडीबा उठला आणि तो ढीग करंजाच्या पलीकडे नेऊन खड्ड्यात पुरू लागला. बऱ्याच वेळानं मायाक्का आली, तोच तांब्या घेऊन. आंबील घरात ओतून तिनं तो झिऱ्यावर भरून आणला होता. तिच्या लुगड्याला चिखल लागला होता आणि दम लागला होता. ती पाण्याला टेकून तांब्या रिता करू लागली तेव्हा दगडाबाई म्हणाली, “उभी ऱ्हा आन उंचावरनं वत. त्या भेगेतनं पडतंय बघ, तसं.”

मायाक्कानं हात उंच केले. पाणी खळखळत पडलं, बुडबुडे उठले, आणि सात-आठ बारीक आंबळ्या कुठून तरी येऊन त्या बुडबुड्यांत शिरल्या. एवढंच झालं. पण ते आठही जणींनी पाहिलं. त्यांनी आपापले तांबे उचलले आणि आंबील घेऊन त्या घराकडे निघाल्या, आणि जाताना त्या भराभरा चालत होत्या. देवीपुढून घास परत मिळाला होता आणि त्यात पाप नव्हतं.

डोह लगेच सुधारला, असं झालं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी मासे मेले. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. दगडाबाईनं ते गोळा करून पुरले, आणि पारावरून जाताना दोघे जण तिला ऐकू जाईल असं म्हणाले की आसरांना आचवून झालं, आता विडा द्या.  आतून ती पुरती हादरली होती. मेंढक्याचं एक वाक्य आणि आपल्या दोन डोळ्यांवर तिनं गावाचं पाणी ओतायला लावलं होतं. पुन्हा चुकलं असेल तर? तरी रोज पहाटे ती कमरेइतक्या पाण्यात उभी राही आणि उष्टं काढी. चार दिवसांनी तळाला लागणाऱ्या मातीला मातीचा वास येऊ लागला.

बाया येत राहिल्या. घरटी एक तांब्या. कुणी दोन आणले. ओतायची एक पद्धतच पडली: खडकावर ओळीनं उभं राहायचं आणि हात खांद्यापर्यंत नेऊन धार सोडायची. सहाव्या पहाटे त्यांना काठापलीकडून मोटेचं चाक कुरकुरलेलं ऐकू आलं. पाटलाच्या विहिरीत हातभरच पाणी उरलं होतं. बैलांची हाडं मोजता येत होती. तरी त्यानं गड्याला दहा मोटा ओढायला लावल्या आणि ते पाणी पाटानं न नेता खडकाच्या माथ्यावरून डोहात सोडलं. स्वतः तो आला नाही. गड्यानं सांगितलं, पाटील म्हणालेत, सात बहिणी आहेत, तांब्यानं काय आचवणार. पुढं रोज दहा मोटा येत राहिल्या.

नवव्या पहाटे दगडाबाई डोहावर आली तेव्हा पाण्यावर काही नव्हतं. तिला आधी वाटलं, सगळे मेले. ती खडकावर बसली आणि या खेपेला उठायची घाई केली नाही. तांबूस उजेड आला. पाण्याचा पत्रा सबंध होता, कुठं भोक नव्हतं. मग लव्हाळ्याच्या कडेनं एक वेलांटी उमटली आणि पाण्याखालून मासा गेला. खालूनच गेला. पाठीवर उजेड घेऊन, तोंड मिटून, आपल्या कामाला. त्याच्यामागं दुसरा. वाळुंजावरून खंड्या सुटला, पाण्यात शिरला आणि चोचीत एक आंबळी घेऊन फांदीवर आला. दगडाबाई त्या खंड्याकडे बघून रडली. घरी गेल्यावर नवऱ्याला तिनं सांगितलं ते एवढंच की आज खंड्यानं न्याहारी केली.

पुढं ज्येष्ठ सरता सरता नदीला धार आली तेव्हा डोहात मासे होते, कासवं होती. हे सगळं एका तांब्यानं झालं असं म्हणता येणार नाही. किती मेले आणि किती तगले हे कुणी सांगू शकलं नसतं. पण नदी आली तेव्हा तिला वाळुंज्यात कुणीतरी भेटलं, आणि तिथून खाली-वर ती पुन्हा भरली. पाणमांजरं तीन वर्षांनी परतली.

दगडाबाईनं पुढची वीसेक वर्षं डोह राखला. तिला दोन मुली झाल्या, कोंडीबाचे केस पिकले, सोलापुरात गिरणीत गेलेला दीर तिकडचाच झाला आणि कधी कधी येताना नव्या पेठेतून आसरांसाठी हिरव्या बांगड्या आणू लागला. दर वैशाखात, डोह आकसला की, गावातल्या बाया झिऱ्याचं पाणी घेऊन खडकावर उभ्या राहात. अन्नाचा एक कण पाण्यात पडत नसे. नैवेद्य दगडांना दाखवायचा आणि काठावरच ज्याला भूक असेल त्यानं खायचा.

पस्तीस साली शाळेवर कमलाकर नावाचे तरुण मास्तर आले. त्यांना जुन्या चालीरीती टिपायची हौस होती. वैशाखात ते वही घेऊन डोहावर आले आणि त्यांनी विचारलं, ही आचवायची रीत कधीपासूनची? बाया हसल्या. एक म्हणाली, आमच्या सासूच्या सासूपासनं. दुसरी म्हणाली, त्याच्या बी आधी, पांडव हितं जेवून गेले तवापासनं. मास्तरांनी भक्तिभावानं वहीत लिहिलं. दगडाबाई तिथंच शेंदूर खलत होती. तिनं मान वर केली नाही. खडकाला टेकून मायाक्का बसली होती, आता फार म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू. ती दगडाबाईच्या दिशेनं तोंड करून थोडा वेळ नुसती ओठ हलवत राहिली, आणि मग मास्तरांना म्हणाली, “लिवून झालं असंल तर ती घागर उचला की. माझी कंबर धरलीया. झिरा तितं, त्या बाभळीखाली.”

मास्तर गोंधळले. त्यांनी वही काळ्या टोपीत ठेवली, टोपी दगडावर ठेवली, धोतराचा काचा मारला आणि झिऱ्यात उतरले. घागर भरायला त्यांना सगळ्या बायांहून जास्त वेळ लागला. परत येऊन ते खडकावर उभे राहिले तेव्हा त्यांचे गुडघे चिखलानं माखले होते. त्यांनी घागर खांद्यावर घेतली आणि तिरकी केली. पाणी उंचावरून पडलं. मास्तर वाकून बघू लागले, कारण खाली, पांढऱ्या फेसात, काहीतरी बारीक रुपेरी गोळा होत होतं.